चन्नवीरचा उपास

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शिवलीला तोंड उघडणारच होती. प्रश्न साधा होता. "पेशंटनं सकाळपासून काय खाल्लंय?" पण सासूबाई मध्ये पडल्या. शिवम्मांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि लेकाच्या नाकातोंडात नळ्या असताना ताठ मानेनं सांगितलं, "आज श्रावण सोमवार हाय की. माझा चन्नवीर पाण्याबिगर काय घेत न्हाय. बारा वर्साचा हुता तवापासनं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. शिवलीलानं तोंड मिटलं.

खरं म्हणजे चन्नवीरनं सकाळी साडेनऊला दोन भाकऱ्या, शेंगाचटणी आणि रात्रीच्या वांग्याची उरलेली भाजी खाल्ली होती. तिला माहीत होतं, कारण बांधून तिनंच दिली होती. गेली चार वर्षं प्रत्येक श्रावण सोमवारी ती स्वतःच्या डब्यात चार भाकऱ्या न्यायची आणि कंपनीच्या गेटाबाहेर त्यातल्या दोन नवऱ्याच्या हवाली करायची. घरात सासूला वाटायचं, सून एकटीच चार भाकऱ्या खाते. कुंभारी गावातल्या शेजारणींनाही त्या सांगायच्या, "आमच्या शिवलीलाला सोमवारचीच लई भूक लागती बघा. अंगाला मात्र काय लागत न्हाय." शिवलीला खाली मान घालून भांडी घासायची. नवऱ्याचा मोडलेला उपास तिनं असा स्वतःच्या खादाडपणाखाली लपवून ठेवला होता, आणि त्याचं तिला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. रिकाम्या पोटी गाळाच्या वासात काम होत नाही, असं चन्नवीर म्हणायचा. देवाला कळतंय, अव्वाला कळणार नाही, असं आईबद्दल सांगायचा.

दोघंही एकाच औषधाच्या कंपनीत, दोघंही ठेकेदाराकडून. पण कंपनी म्हणजे दोन गावं होती. शिवलीला पुढच्या गावात, पॅकिंगला. तिथं पांढरा गाऊन, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे. पहिल्या महिन्यात तिला वाटलं होतं, केवढी काळजी घेतात आपली. मग सुपरवायझरबाईंनी समजावलं, मोजे हाताला जपायला नसतात गं, गोळीला जपायला असतात. चन्नवीर मागच्या गावात. सगळ्या कंपनीचं घाण पाणी जिथं येतं आणि साफ होऊन बाहेर पडतं, असं पाटीवर लिहिलेलं आहे, त्या ठिकाणी. पाण्याचा प्लँट म्हणायचे सगळे. तिथं जपायला गोळी नव्हती, त्यामुळे मोजेही नव्हते. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ उपसायचा, ट्रॉलीत भरायचा. ट्रॉली कुठं जाते हे विचारायचं नसायचं. मागच्या ओढ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

त्या सोमवारी नेमकं काय झालं ते बिरदेवनं सांगितलं. चन्नवीरचा जोडीदार तो, त्यानंच दोर लावून त्याला वर ओढलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात, पायरीवर बसून, दोन्ही हात मांड्यांत दाबून तो सांगत होता.

"गुरवारी पुण्याचे लोक येणार हायत वैनी. कंपनीला ते हिरव्या कंपनीचं बक्षीस मिळायचंय न्हवं का. साहेब म्हणालं, तिन्ही टाक्या तळापासनं लख्ख पाहिजेत. आमी झाकणं काढली. वास आला. तुमी तर वळखताच तो वास, त्याच्या कपड्याला यायचा."

"कुजक्या अंड्याचा," शिवलीला म्हणाली.

बिरदेव एवढ्यातही हसला. "व्हय. तितं पाटी हाय, अंड्यासारखा वास आला तर खाली उतरू नये. पयल्या दिवशी चन्नवीरनं मला बाजूला घिऊन विचारलं हुतं, अंड्याचा वास कसा असतो रे? त्याच्या घरात कधी अंडं आलंय? मग मीच त्याला एक दिवस नासकं अंडं फोडून दावलं." तो थांबला. "तर आमी झाकणं काढून थांबलो. अर्धा तास. मग चन्नवीर वाकून बघून म्हणाला, वास गेला. आमचं तसंच असतंय वैनी. वास गेला की उतरायचं. तो उतरला. चार पायऱ्या गेला आणि पोतं पडावं तसा पडला."

"मशीन असतंय ना गॅस बघायचं?"

"हाय की. काडेपेटीएवढं. सेफ्टीच्या कपाटात, कुलपात. साहेबलोक आले की बाहेर काढत्यात."

त्याच वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना शिवलीलानं दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं सांगितलं, वास गेल्याचंही. डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मिटली. "ताई, वास गेला नव्हता. तो गॅस वाढला की नाकच बंद पाडतो. वास येईनासा झाला म्हणजे वर यायचं, लांब पळायचं. हे उलटं करत होते?"

"चार वर्षं," शिवलीला म्हणाली.

"हा उपासाचा प्रकार नाही."

"मग तसं लिहा की."

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. कंपनीचे पेशंट याच दवाखान्यात यायचे, बिलं कंपनी भरायची. "आईंनी सांगितलं ते मोठ्या डॉक्टरांनी लिहून टाकलंय. उपास नव्हता असं घरच्यांनी सांगितलं तर मला बदलता येईल," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. शिवलीलाला त्यांचा राग आला नाही. त्याही कुणाच्या तरी ठेक्यावरच असणार.

दुपारी सेफ्टी ऑफिसर उदयसिंह आले. गोरे, मऊ बोलणारे, कुठल्याही बाईला ताई म्हटल्याशिवाय न बोलणारे. सोबत सफरचंदं आणली होती. चन्नवीरच्या नळ्या त्या सकाळीच काढल्या होत्या. तो डोळे उघडून छताकडे बघत होता आणि मध्येच "झाकण लाव" म्हणत होता. बायकोचं नाव त्याला आठवत होतं, वार आठवत नव्हता.

बाहेरच्या बाकड्यावर शिवम्मा, शिवलीला आणि धाकटा दीर नंदीश. नंदीश कालपर्यंत कंपनीच्या गोदामात हमाली करायचा. उदयसिंहांनी कागद काढला आणि वाचून दाखवला. श्रावणातील कडक उपवासामुळे अशक्तपणा येऊन कर्मचाऱ्यास भोवळ आली, असं त्यात होतं. खाली कुटुंबीयांची सही.

"कंपनीचं काही नाही ताई, एक औपचारिकता," ते म्हणाले. "उलट यातून आम्ही शिकलो. आता नोटीसच काढतोय, उपास असलेल्यांनी टाकीत उतरायचं नाही. धर्माचा मान ठेवायलाच पाहिजे." मग नंदीशकडे वळून त्यांनी आपुलकीनं विचारलं, "तू नाही ना रे उपास करत?"

"न्हाय साहेब."

"मग झालं. उद्यापासून भावाच्या जागेवर तू. घरातलं काम घरातच राहील. एकच टाकी राहिलीय, उद्या संपवायची."

शिवलीलाच्या हातातलं सफरचंद एवढं थंड होतं, की तिनं ते बाकड्यावर ठेवलं.

आता सांगायचं म्हणजे सासूसमोर सांगायचं होतं. चार वर्षांच्या भाकऱ्या एका दमात बाहेर काढायच्या. तिनं नंदीशकडे पाहिलं. त्याच्या शर्टाला वरचं बटण नव्हतं, आणि ते लावायचं म्हणून तो महिनाभर तिच्या मागं लागला होता.

"साहेब, त्यांचा उपास नव्हता," ती म्हणाली. "साडेनऊला दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी दिल्या. प्रत्येक सोमवारी देते. ते गॅसनं पडलेत. वास गेला की उतरायचं, असं तिथं सगळे करतात, आणि ते चुकीचं आहे. वास गेला म्हणजे गॅस वाढला. तुमचं मशीन कपाटात होतं."

शिवम्मांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, तिथं हात कसे धुवावेत याचं चित्र होतं.

उदयसिंह रागावले नाहीत. शिवलीला त्यांच्या रागाची तयारी करून बसली होती, आणि त्यांनी तिला तेवढंही दिलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, दोन ओळी खोडल्या, विचार केला आणि वर लिहिलं. मग वाचलं. "भरल्या पोटी खोल टाकीत उतरल्याने मळमळून कर्मचाऱ्यास भोवळ आली. असं चालेल? दोन्हीपैकी तुम्हाला जे खरं वाटतं ते ठेवू. आमची काही हरकत नाही."

"गॅसचं लिहा."

"ताई, गॅसचं लिहायला गॅस मोजलेला लागतो. मोजलेलाच नाही. न मोजलेलं मी कसं लिहू? खोटं होईल ते."

शिवम्मांनी कागदासाठी हात पुढं केला. "दे."

"अत्ती," शिवलीलानं सासूला अडवलं.

"तू गप बस." आवाज चढला नव्हता. "माझ्या लेकाला सिद्धेश्वराकडं मागून घेतलाय म्या. तो उपास मोडून पडला असं कागदावर राहू दिऊ व्हय? गल्लीनं वाचायला? साहेब, ते खोडलेलं परत लिवा. उपाशीच हुता त्यो." आणि त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली. लिहायला त्यांना चन्नवीरनंच शिकवलं होतं, मतदानाच्या वेळी अंगठा द्यायला लाज वाटते म्हणून.

उदयसिंह गेले. शिवम्मा सुनेकडे न बघता म्हणाल्या, "म्हणूनच झालं हे. चार वर्सं मोडलास तू त्याचा उपास." सफरचंदाची पिशवी त्यांनी उचलली आणि आत लेकाजवळ नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी शिवलीलानं नंदीशला घराच्या मागच्या बाजूला नेलं आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं तीनदा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "वैनी, मी न्हाय जात. पण नोकरी जाईल."

"जाऊ दे."

बुधवारी सकाळी शिवम्मांनी नंदीशसाठी स्वतः भाकऱ्या थापल्या होत्या, एरवीच्या दुप्पट जाड. "पोटभर खा. उपाशी उतरू नगंस," त्या म्हणाल्या. सही केलेलं त्यांनी रात्रीतून खरं मानलं होतं. नंदीशनं भाकऱ्या खाल्ल्या आणि दवाखान्यात भावाजवळ जाऊन बसला. शिवलीला कामावर गेली. खाडा केला असता तर पॅकिंगची जागाही गेली असती.

दिवसभर तिच्या हाताखालून गोळ्यांची पाकिटं सरकत राहिली. बाहेर हिरवळीवर खड्डे खणणं चालू होतं. उद्या पुण्याचे लोक झाडं लावणार होते. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या गावाकडं गेली. तिसऱ्या टाकीचं झाकण बंद होतं, गाळाची ट्रॉली भरून उभी होती. बिरदेव पाइपनं फरशी धूत होता.

"कोण उतरलं?"

"ठेकेदारानं दोघं आणली. अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. झालं काम. वर आलेत धडधाकट."

"त्यांना सांगितलंत वासाचं?"

बिरदेवनं पाणी दुसऱ्या बाजूला वळवलं. "साहेब हुबं हुतं वैनी."

"साहेबांनी काय विचारलं त्यांना?"

"ऊट आतेनु, एवढंच. साहेबास्नी तेवढं कानडी येतंय." जेवण झालं का, हा तिकडे रामराम घालण्याचा प्रकार. कुणी कुणाला वाटेत भेटलं तरी विचारतात. "ती दोघं म्हणाली, झालं. मग साहेबानं कागदावर खूण केली, उपास नाही. उतरवली."

"वास?"

"थांबली की जरा. वास गेल्यावर उतरली."

सुट्टी झाल्यावर ते दोघं तिला गेटाबाहेर सापडले. ठेकेदाराच्या टेम्पोला टेकून चहा पीत होते. चाळिशीतला एक, दुसरा त्याहून मोठा, पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ वाळलेला. त्या वासानं तिला क्षणभर चन्नवीर घरी आल्यासारखं वाटलं. तिनं कानडीतच सांगितलं. वास येतो तोवर नाक जिवंत असतं. वास गेला की नाक मेलं, आणि नंतर माणूस. वास गेला की उतरायचं नाही, पळायचं. माझा नवरा परवा याच टाकीत पडला.

त्यांनी ऐकून घेतलं. मोठ्यानं चहाचा कागदी कप चुरगाळून खिशात ठेवला, रस्त्यावर टाकला नाही.

"अक्का, वास असला की उतरायचं नाही, पाटीवर लिहिलंय म्हणतात," तो म्हणाला. "वास गेला की उतरायचं नाही, तू म्हणतीस. मग उतरायचं कधी?"

"मशीन लावून बघितल्यावर. छोटं मशीन असतं. ते मागायचं. दिल्याशिवाय उतरायचं नाही."

"कुठं असतं?"

"कपाटात," शिवलीला म्हणाली. "कुलपात."

धाकटा हसला. वाईट हसला नाही, नवख्या माणसाला रस्ता चुकल्यावर हसतात तसा. ठेकेदारानं हॉर्न वाजवला. संध्याकाळच्या आत होटगीकडच्या एका कारखान्यात अजून एक टाकी होती. मोठा आधी चढला, मग त्यानं वरून विचारलं, "काय नाव म्हणालीस त्या मशीनचं?"

तिला नाव माहीत नव्हतं. पॅकिंगमध्ये सात वर्षं झाली होती, परदेशी जाणाऱ्या सतरा गोळ्यांची नावं तिला स्पेलिंगसकट पाठ होती. टेम्पो हलला तशी ती त्याच्या बाजूनं चार पावलं चालली. "काडेपेटीएवढं असतं," ती ओरडून म्हणाली. "काडेपेटीएवढं, असं सांगा."

त्यानं हात वर केला. ऐकू आलं म्हणून, की निरोप म्हणून, ते तिला कळलं नाही.