भिंगरीचे प्रवेशपत्र

मित्रांनो, माझे पांढरे अंग आता पिवळे पडले आहे आणि कागद आत ओढताना मला धाप लागते. मी एक जुना प्रिंटर आहे. कारखान्यात मला जोडून झाल्यावर तपासणीसाठी एक पान छापून घेतले, खोक्यात घातले, आणि ते खोके उघडले थेट काकूंच्या दुकानात.

काकू पूर्वी शाळेत कारकून होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी शाळेसमोरच्याच गाळ्यात फॉर्म भरून देण्याचे दुकान थाटले. एक संगणक, दोन खुर्च्या आणि मी. "हा माझा उजवा हात," असे त्या गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझी शाई जरा जास्तच गडद उमटे.

कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचे दिवस आले की मला उसंत नसे. ही परीक्षा वर्षातून दोनदा होई, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी. अकरावीपासून देता येई, पण सगळ्या मिळून तीनच खेपा. त्यामुळे माझ्यासमोर रोज एकच वाद. आता द्यावी की थांबावे? मुले नखे खात, आईबाप घड्याळ पाहत. त्यांची घालमेल पाहून माझाही जीव थाऱ्यावर राहत नसे. घाईत मी दोन-दोन कागद एकदम गिळत असे आणि बोलणी खात असे.

एका बसचालकाच्या मुलाची तिन्ही प्रवेशपत्रे मी छापली. "लवकर सुरुवात केलेली बरी," म्हणून वडिलांनी त्याला अकरावीच्या थंडीतच बसवले. तेव्हा निम्मा अभ्यासही झाला नव्हता. मार्क कमी पडले, मन खचले. उन्हाळ्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो पेपर अर्धा टाकून उठून आला, आणि पुढे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला.

दोन वर्षांनी त्याची धाकटी बहीण बारावीत आली. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. थंडीच्या परीक्षेचे फॉर्म त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होते. चार वाजता बसचालक गणवेशातच तिला घेऊन आले.

"काकू, हिचा फॉर्म भरून टाका. एकदा होऊन जाऊ दे."

"बाबा, रसायनशास्त्राचे पाच धडे राहिलेत," भिंगरी म्हणाली. "मी उन्हाळ्यात देते."

"उन्हाळ्यात काही आडवं आलं तर? वर्ष जाईल. आणि तीन खेपा आहेत ना? एक वाया गेली तर बिघडलं कुठे?"

"दादालाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

काकूंची बोटे कळफलकावर थांबली. बसचालक खाली बसले. ते टोपीची कड चाचपत राहिले.

"मी काय तुमच्या वाईटावर आहे का?" ते म्हणाले. "बारावीला मीही म्हणालो होतो, नीट अभ्यास करून पुढच्या वेळी बसतो. तोवर तुझे आजोबा अंथरुणाला खिळले आणि मी स्टिअरिंगवर बसलो. पुढची वेळ येतेच असं नाही गं बाळा."

भिंगरी हे प्रथमच ऐकत होती. तिची सारखी चाललेली टाच थांबली.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," ती हळूच म्हणाली. "पण बाबा, तुमची घाई माझ्या डोक्यात शिरली की वाचलेलंही आठवत नाही. मला ते पाच धडे करू द्या."

काकूंना राहवेना. "अहो, माणसं चढायच्या आत तुम्ही गाडी सोडता का?"

"वेळ झाली की सोडतो. वेळापत्रक असतं," बसचालक सरळपणे म्हणाले. काकूंनी पुन्हा कळफलक पुढे ओढला.

शेवटी फॉर्म भरून झाला आणि पाठवण्याआधी तपासायला मी कच्ची प्रत काढून दिली. ती बसचालकांनी दोनदा वाचली. पाचला दहा मिनिटे होती. मग घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. "राहू दे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बसू दे."

भिंगरीने धडे संपवले. उन्हाळ्याचे प्रवेशपत्र मी काळजीपूर्वक छापले, एकही रेघ पुसट येऊ दिली नाही. आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी तिला कांजिण्या आल्या. परीक्षा हुकली. वर्ष गेले.

परीक्षेनंतरच्या सोमवारी बसचालक एकटेच दुकानात आले. आता घरात काय महाभारत झाले असेल, या विचाराने मी धास्तावलो. काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"थंडीचा फॉर्म कधी सुटतो?" त्यांनी विचारले. तारीख लिहून घेतली आणि मग म्हणाले, "जिभेवर आलं होतं हो, सांगितलं होतं ना म्हणून. पण अंगभर फोड आलेले, आणि तीच मला म्हणते, बाबा, माझं चुकलं. मी म्हटलं, कांजिण्यांना कुठे वेळापत्रक असतं?"

ते हसायला गेले, पण डोळे भरून आले.

ते वर्ष भिंगरीला जड गेले. मैत्रिणी कॉलेजात गेल्या आणि हिला घर खायला उठे. मग ती सकाळी अभ्यास आणि दुपारी काकूंना मदत करू लागली. माझ्या पोटातली धूळ तिनेच पहिल्यांदा साफ केली. फॉर्म भरायला आलेल्या मुलांना ती थंडीत बसणार की उन्हाळ्यात हे नंतर विचारी. आधी विचारी, "अभ्यास कुठवर आलाय?" मुले मग खरे सांगत.

थंडीत ती परीक्षेला बसली. निकालाचा कागद माझ्यातून बाहेर आला तेव्हा तिने तो उभ्याउभ्याच वाचला आणि काकूंपुढे धरला. तिला हव्या त्या कॉलेजात जागा मिळण्याइतके मार्क होते. काकूंनी लगेच तिच्या वडिलांना फोन लावला, पण ते गाडी चालवत होते. शेवटच्या थांब्यावरून त्यांचा उलट फोन आला. बसच्या इंजिनाच्या घरघरीतच त्यांनी तिला मार्क दोनदा सांगायला लावले.

आता लोक मोबाइलवरच फॉर्म भरतात. मी कोपऱ्यात, फडक्याखाली बसून असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेतली मुले दारावरून जाताना तोच वाद घालतात, तेव्हा माझी चाके अजून आतल्या आत चुळबुळतात.

मित्रांनो, लवकर बसावे की उशिरा, हे मला आजही सांगता येत नाही. घाईने एकाचे नुकसान झालेले मी पाहिले, थांबून एकीचे वर्ष गेलेलेही पाहिले. पण माझ्यात कागद अडकला की काकू कधी हिसका देत नसत. आधी झाकण उघडून, कुठे अडकलाय, ते वाकून पाहत. हिसका दिला असता, तर तो फाटूनच हाती आला असता.