फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक

ज्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न मोडलं आणि त्याच मुलीशी पुन्हा जमलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. मागे अंगण, अंगणात दोऱ्या आणि दोऱ्यांवर साऱ्या गावाच्या चादरी. मधल्या जावेची पोर तेव्हा चार वर्षांची. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

एका सकाळी ती माझ्याशी चादरींमध्ये लपाछपी खेळत होती. एकेक चादर बाजूला करत मी शेवटच्या दोरीपाशी पोचले, तर पलीकडे कुणीच नाही.

गाव उलटंपालटं झालं. न्हाव्याने अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक खुर्चीतच सोडलं आणि ते गिऱ्हाईकही फेसाळल्या तोंडाने शोधायला धावलं. विहिरी पाहिल्या, नदीकाठ पाहिला, गोदामं उघडली. हाका मारून मारून जावेचा आवाज बसला.

दिवे लागता लागता भिंगरी रस्त्याने एकटीच आली. अगदी मजेत.

"कुठे होतीस गं?"

"तिकडे."

"कुणाकडे?"

"त्यांच्याकडे."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, आता घरी जा."

याच्यापलीकडे तिने काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

जावेने पोरीला धरलं आणि सासूबाईंनी पोरीचा फ्रॉक धरला. "हा कुणीतरी धुतलाय. खळ घातलीय. आणि या बाह्या बघा!"

लहान मुलींची फुग्याची बाही आम्ही सरळ चपटी दाबायचो. एवढं कौतुक करायला वेळ कुणाला होता? इथे मात्र बाहीत कापडाचा बोळा घालून, फुगा उभा ठेवून कुणीतरी इस्त्री फिरवली होती.

"हा आपल्या घरातला हात नाही," सासूबाई म्हणाल्या.

फ्रॉक पुरावा म्हणून खुंटीला टांगला. त्याला कुणी शिवायचं नाही. जावेने वाळवणाची दोरी घेतली, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं पोरीच्या. "कुणी नेली ते कळल्याशिवाय ही सुटायची नाही."

मग आम्ही दुकानाला कुलूप लावून, दुसऱ्या हाताची इस्त्री कुठे दिसते का म्हणून बाह्या तपासत हिंडू लागलो. सासूबाई रस्त्यात माणसं अडवायच्या. "हात पुढे करा बघू!" घड्याळ दुरुस्त करणारा गावात नवीन आलेला, एकटा राहणारा. त्याच्या बाहीवर आमच्या इस्त्रीची धार नव्हती. सासूबाईंनी त्याची कॉलरच धरली. "सापडला! सांग, ही इस्त्री कुणाची?"

"कसली इस्त्री, मावशी? माझे सगळे शर्ट तुमच्या दुकानात कोंडलेत. हा तसाच घातलाय. जरा मागे वळून बघा."

आम्ही वळलो. सगळं गाव चुरगळलेलं. पोस्टमन, मास्तर, न्हावी, कुणाच्याच बाहीवर धार नाही.

"आई, आता अख्ख्या गावालाच पकडा," मी म्हटलं. सासूबाई हसू दाबत घरी आल्या आणि कुलूप काढलं.

पण पोरीची दोरी काही निघेना. भिंगरी फिरायची थांबली. आईच्या मागे मागे वासरासारखी चालायची. दिराच्या लग्नाच्या आदल्या सकाळी ती खुंटीखाली उभी राहिली.

"आई, मला उद्या तो फ्रॉक पाहिजे."

जावेने फ्रॉक काढला. धूळ बसली होती. ती उन्हात धरून बघत राहिली, मग मला म्हणाली, "ताई, खालचा घेर बघा. उसवला होता. संध्याकाळी टाके घालते म्हणून मी तिला तसाच घातला होता. त्या माणसाने तोही शिवलाय. किती बारीक टाके!"

तिला रडू आलं आणि हसूही.

"धुतलास तर खूण जाईल हो," सासूबाई म्हणाल्या.

"गेली तर गेली. पोरीला नाचायचंय."

तिने फ्रॉक धुतला, खळ घातली आणि बाहीत बोळा घालून इस्त्रीला बसली. एक फुगा उभा राहिला, दुसरा सारखा बसायचा. "फुगा कसला, वाकडं डोकं झालंय नुसतं!" सासूबाई म्हणाल्या आणि दुसरी बाही स्वतः करायला घेतली. त्यांनाही जमली नाही. आम्ही तिघी पोट धरून हसलो. हसता हसताच जावेने दोरीची गाठ सोडली.

भिंगरी दारापर्यंत गेली आणि मागे बघू लागली.

"जा की!" जाऊ म्हणाली.

लग्नात ती वाजंत्र्यांपुढे एवढी फिरली, एवढी फिरली की तिला बघून नवऱ्या मुलालाच घेरी आली. जाऊ एकाच जागी बसून टाळ्या वाजवत होती.

तिला कुणी नेलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. सासूबाई त्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. माझी जाऊ गेल्या उन्हाळ्यात वारली. भिंगरी तिच्या उशाशी होती.