उशीर झाला नव्हता

"फ्रीजमंदी सुई हाय ना? मंग काहून देत नाई?" उकंडरावांनी टेबलावर हात आपटला.

बाकावर त्यांची बायको प्रयागबाई दंड धरून बसली होती. सकाळी तुराट्या उचलताना तिला कोळी चावला होता. शेजारच्या भागवतच्या मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून उकंडरावांनी तिला अर्ध्या तासात दवाखान्यात आणलं होतं.

सुकेशनी सिस्टरने काचेच्या नळीत तिचं रक्त वीस मिनिटं ठेवून पाहिलं. ते नीट गोठलं, म्हणजे सापाच्या विषाची खूण नव्हती.

"काका, ते औषध सापाचं हाय. कोळ्यावर चालत नाई."

"मंग कोळ्याचं द्या."

"ते आपल्या इकडं कुठंच मिळत नाई."

तेवीस वर्षांच्या नोकरीत सर्पदंशाची कितीतरी माणसं तिच्या हातून घरी चालत गेली होती. असं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"सिस्टरबाईवर ओरडू नका," प्रयागबाई नवऱ्याला म्हणाली. मग सुकेशनीकडे वळून हळूच बोलली, "यायले चहा पाजा कोनी. सकायपासून उपाशी हायेत."

दुपारपर्यंत दंड काळा पडला, लघवी लाल झाली. डॉक्टरांनी रुग्णवाहिकेने अकोल्याला पाठवलं. तिथे मूत्रपिंडं बंद पडली आणि तिसऱ्या दिवशी प्रयागबाई गेली.

तेरवी झाल्यावर उकंडराव पुन्हा आले. आता हे भांडणार, म्हणून सुकेशनी उठून उभी राहिली. ते दारातच थांबले.

"एक कागद पायजे होता. पोरगी बोलत नाई माह्यासंग. म्हनते, बाबा, तुमी उशीर केला, म्हनून माय गेली." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "म्या उशीर केला का वं?"

"नाई, काका."

"मंग तसं लिहून द्या. माह्या सांगन्यावर तिचा इस्वास नाई."

असा दाखला देण्याची पद्धत नव्हती. सुकेशनीने केसपेपर काढून वेळ पाहिली, कोरा कागद ओढला आणि लिहिलं. डॉक्टरांनी वाचून, काही न विचारता सही केली.

"मले वाचता येत नाई," उकंडराव म्हणाले.

तिने वाचलं. "प्रयागबाईंना कोळी चावल्यापासून अर्ध्या तासात दवाखान्यात आणले. आणण्यास उशीर झाला नव्हता. या विषावरचे औषध उपलब्ध नाही."

"ते मधलं पुन्हा वाचा."

तिने वाचलं. ते टोपी छातीशी धरून ऐकत राहिले.

"अजून एक डाव."

दाराबाहेर केसपेपर घेतलेल्या बायांची रांग वाढली होती. सुकेशनीने कागद पुन्हा समोर धरला.