भाच्याचा रेडिएटर

ताशपोलोतनं रेडिएटर उलटा केला, तर आतनं मूठभर माती पडली आणि मागोमाग एक मेलेली गांधीलमाशी.

"राहायला आली होती बिचारी," रख्मतजान म्हणाला. "असं फुकट घर कुठं मिळणार तिला?"

ताशपोलोत हसला नाही. त्यानं रेडिएटर उचलून उन्हाकडं धरला. निम्म्या जाळीतनं उजेड येत होता, निम्मी गच्च. बोटानं नळ्यांच्या ओळी मोजल्या. दोनच. बापाच्या जुन्या व्होल्गा गाडीला तीन लागतात.

"हा जीपचा आहे."

"जीपचाच आहे. सगळे हाच बसवतात, ताशके. थोडं कापायचं, थोडं ठोकायचं."

"बापाची गाडी कापू?"

"मग माझं डोकं काप. सहा आठवडे झाले, माझ्या बायकोपेक्षा तुझंच तोंड जास्त बघतोय मी."

ओश शहरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात रख्मतजानकडं नाही ती वस्तू कुणाकडंच नाही, असं म्हणतात. पण व्होल्गाचे जुने रेडिएटर तांब्याचे. नव्वद सालानंतर लोकांच्या पोटाला नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी काढून भंगारात घातले. ट्रक भरभरून चीनकडं गेलं ते तांबं. आता शोधणाऱ्यानं शोधत बसावं.

ताशपोलोत शोधत होता तो आईसाठी. बुरूल म्हातारी ब्याऐंशीची. माहेर घाटापलीकडं, काझारमानच्या बाजूला. बाप होता तोवर दर उन्हाळ्यात याच व्होल्गातनं तिला माहेरी नेऊन आणायचा. वसंतात तिची भावजय गेली, आणि धाकटा भाऊ ओस्मोनाली घरात एकटा पडला. म्हातारी तेव्हापासनं धड जेवेना. ऑगस्टमध्ये ताशपोलोत तिला घेऊन निघाला, तर नवव्या वळणावर गाडीनं वाफ सोडली. माघारी फिरले. जुन्या ड्रायव्हरांचं ऐकून त्यानं रेडिएटरमध्ये मोहरीची पूड टाकली, भोकं बुजतात म्हणे. भोकं राहिली तशीच, चांगल्या नळ्या तेवढ्या बुजल्या.

म्हातारीनं बांधलेलं गाठोडं तेव्हापासनं दाराशीच होतं. नोव्हेंबरात घाटावर बर्फ पडलं की रस्ता बंद, तो मे महिन्यात उघडणार. ऑक्टोबर निम्मा सरला होता.

"माझ्या गाडीतनं सोडतो की म्हातारीला," शेजारचा एगेमबेर्दी कुंपणावरनं म्हणायचा. त्याची गाडी जपानी.

"दारात बापाची गाडी आहे," ताशपोलोत म्हणायचा.

"दारात आहे खरी. दारातच आहे."

त्या आठवड्यात उझगेनच्या एकानं फोनवर फोटो पाठवला. तीन ओळी, तांब्याचा, बरोबर. ताशपोलोत दोन गाड्या बदलून गेला. त्या माणसानं चहा पाजला, नान मोडून पुढं ठेवलं, मुलीच्या लग्नाची हकिकत सांगितली, मग मागच्या खोपटातनं ट्रॅक्टरचा रेडिएटर आणून पायाशी ठेवला.

"फोटोतला कुठाय?"

"फोटो माझ्या मेव्हण्यानं पाठवलेला. तुम्हाला कसला पाहिजे ते नीट कळावं म्हणून."

घरी येऊन ताशपोलोतनं व्होल्गाच्या चाकाला लाथ घातली. व्होल्गाला काही झालं नाही, याचा अंगठा सुजला.

म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. "ओस्मोनालीच्या शेडमध्ये पण व्होल्गा पडून आहे," ती म्हणाली. "तिच्यात आहे की."

"ठाऊक आहे मला."

ठाऊक होतंच. पण आमच्यात भाच्यानं मामाकडं काही मागितलं, तर मामाला नाही म्हणता येत नाही. घोडा माग, कुत्रा माग, द्यावंच लागतं. म्हणून म्हातारे म्हणतात, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. आणि म्हणूनच भला भाचा तोंड उघडत नाही. ताशपोलोतला सत्तावन्न वर्षं झाली होती, मामाकडं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

अंगठ्याची सूज दोन दिवसांनी उतरली, तेव्हा तो म्हणाला, "उद्या जातो भाड्याच्या जीपनं. मागतो."

सकाळी बघतो तर म्हातारी कोट घालून, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली.

"मी पण येते."

"आई, त्या जीपमध्ये सात माणसं आणि एक मेंढी असते."

"मेंढीपेक्षा मी बारीक आहे."

सहा तास लागले. जीपमधनं उतरताना तिला धरावं लागलं, पण भावाच्या फाटकाशी तिनं हात सोडवून घेतला. ओस्मोनाली बाहेर आला. टोपी वाकडी, कोटाला दोनच बटणं. दोघं भाऊबहीण बराच वेळ एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे राहिले. मग तो भाच्याकडं वळला.

"हं, लांडग्या. काय न्यायला आलास?"

ताशपोलोतनं मान खाली घालून सांगितलं.

"एवढंच? मला वाटलं गाय नेतोस."

दोघांनी मिळून रेडिएटर काढला. बोल्ट गंजलेले, एक तर करवतीनं कापावा लागला. पण रेडिएटर सोन्यासारखा. खालचं तोंड बंद करून पाणी भरलं, अख्ख्या दिवसात थेंब गळला नाही. ताशपोलोत दर तासाला उठून बघून येत होता.

घरात म्हातारीनं पहिल्या दिवशी चूल साफ केली, दुसऱ्या दिवशी भावाची बटणं शिवली. तिसऱ्या दिवशी जीप फाटकाशी येऊन भोंगा वाजवायला लागली, तेव्हा ती कोपरापर्यंत पिठात होती.

"आई, चल. ड्रायव्हर थांबायचा नाही."

"त्या जीपमधनं मी नाही यायची. कंबर मोडली माझी. गाडी झाली की ने मला."

"रविवारी येतो. बसवायला कितीसा वेळ?"

म्हातारीनं पिठाचा गोळा फिरवला, उलटा केला, परत दाबला.

"बसवायचं कसं, नीट बसवावं. जुनी गाडी. घाईत काही राहून गेलं म्हणजे?" मग भावाला म्हणाली, "घाट कधी बंद होतो रे यंदा?"

ओस्मोनाली वाकून चुलीत लाकूड सारत होता. "होईल पंधरा दिवसांत," तो चुलीलाच म्हणाला.

ताशपोलोत धाकटा मुलगा. आमच्यात आई धाकट्याकडं. तो धडधाकट असताना तिनं भावाच्या घरी हिवाळा काढला, तर लोक तिला काही म्हणत नाहीत. मुलाला म्हणतात, आणि मरेपर्यंत म्हणतात. म्हातारीनं हे कधी तोंडातनं काढलं नसतं. आत्ताही काढलं नाही. पीठ मळत राहिली.

बाहेर भोंगा परत वाजला. ताशपोलोतनं आईचं गाठोडं दाराशी होतं ते उचललं, आत नेलं आणि चुलीजवळच्या अंथरुणाशी ठेवलं. मग रेडिएटर घेऊन जीपमध्ये बसला.

रविवारी एगेमबेर्दी कुंपणाशी आला. "आई दिसत नाही?"

"माहेरी आहे. गाडी झाली की आणायची."

"मामाकडं मिळाला ना?"

रेडिएटर गोठ्यात, जुन्या लोकरीच्या नमद्यात गुंडाळून ठेवलेला होता. "मिळाला," ताशपोलोत म्हणाला. "गळका निघाला."

"मग माझी ने गाडी. आणतोस का उद्या?"

"व्होल्गाशिवाय बसणार नाही म्हणते. काय करायचं."

एगेमबेर्दी मान हलवत गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की एका जुन्या डब्यापायी हा आईला घाटापलीकडं अडकवून बसलाय.

बुधवारी रख्मतजानचा फोन आला. धापा टाकत होता.

"ताशके, मिळाला! आंदिजानच्या एका म्हाताऱ्याकडं. तीन ओळी, तांब्याचा, कारखान्याच्या कागदातनं अजून काढलेला नाही. फोटो बघ."

ताशपोलोतनं फोटो बघितला. मोठा करून बघितला. इतका सुरेख रेडिएटर त्यानं आजवर बघितला नव्हता.

"वरची नळी वाकडी दिसते," तो म्हणाला.

"तुझी नजर वाकडी!"

"दुसरा बघ एखादा. घाई नाही."

रख्मतजान जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ताशके, घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," ताशपोलोत म्हणाला. "आई माहेरी गेलीय."