बयाबाईच्या दाराची कडी

घर घ्यायला आलेल्या तानूबाईने चपला बाहेर काढल्या खऱ्या, पण आत जायला वाटच नव्हती. बयाबाई उंबऱ्यात बसली होती, एका कवाडाला पाठ आणि दुसऱ्याला पाय लावून. अंगणात जीप उभी. तिच्यात बयाबाईची बोचकी भरून झाली होती आणि ड्रायव्हर राहून राहून हॉर्न मारत होता. जुन्नरच्या कचेरीत आज घराचं खरेदीखत व्हायचं होतं, आणि घर विकणारी बाई घरातून उठायला तयार नव्हती.

ही तिसरी खेप. पहिल्यांदा बयाबाईला ऐन वेळी अमावस्या आठवली, दुसऱ्यांदा तिचं डोकं दुखलं. आज तर तिने कारणसुद्धा काढलं नव्हतं.

"आई, चल ना आता," तिचा मुलगा सुदर्शन घड्याळ बघत म्हणाला. भोसरीच्या कंपनीतून त्याने कशीबशी एका दिवसाची रजा काढली होती. आईला आजच बरोबर न्यायचं होतं.

"मी कुटं न्हाई म्हनते?" बयाबाई म्हणाली, आणि तसूभरही हलली नाही.

मग एजंट सयाजी पुढे सरसावला. सोमवारी तो बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे जमवी आणि उरलेल्या दिवसांत घरांचे. जीभ दोन्हीकडे एकच. घराचं वय सांगताना हा एखाद दिवशी बैलाचे दात मोजल्यासारखं 'सहादाती' म्हणून जाईल, अशी लोक त्याची चेष्टा करत.

"आत्या, अगं भोसरीला नळाला पानी, दाराशी रिक्षा, मांडीवर नातू. राणीवानी ऱ्हाशील! आनि ह्या पावण्यांचा तरी इचार कर. इसार देऊन दोन महिने झाले त्यांला."

बयाबाईने मान फिरवली. तानूबाईलाच उगीच ओशाळल्यासारखं झालं.

तिचा सारा जन्म मेंढरांमागे गेला होता. दिवाळी झाली की कोकणची वाट धरायची, मिरगाच्या सुमाराला परत यायचं, आणि जिथे रात्र होईल तिथे चार काठ्यांचं पाल ठोकायचं. आता मुलगा सोमनाथ राजुरीला दुधाच्या गाडीवर लागला होता. नवऱ्याचे, राघूचे, गुडघे गेले होते. मेंढरं विकून त्यांनी या घराचा इसार दिला होता. आज हे फिसकटलं तर पुन्हा पाल होतं, आणि आता मेंढरंही नव्हती.

सयाजीने तिला चार घरं दाखवली होती. त्यात काही याहून मोठी होती, काही रस्त्याला लागून होती. तिने हे निवडलं ते दाराच्या कडीसाठी, पण हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. जाड लोखंडी साखळीची कडी होती ती. पहिल्या दिवशी पुरुषमाणसं भिंती ठोकून बघत होती, तेव्हा तिने दार बाहेरून ओढून ती कडी तीनदा घातली आणि तीनदा काढली. पालाला कडी नसते. पाण्याला गेलं तरी बाईचा जीव मागेच राहतो आणि मान सारखी वळत राहते.

आता तिचं लक्ष बयाबाईच्या हाताकडे गेलं. लोंबत्या कडीचं टोक म्हातारीने मुठीत धरलं होतं आणि साखळीचा एकेक दुवा ती अंगठ्याने चाचपत होती.

तानूबाई तिच्याशेजारी टेकली.

"आक्का, ही कडी कुनी बसवली?"

"ह्यांनी," बयाबाई म्हणाली. "मी नवी नांदाया आले तवा ह्ये घर गावाच्या पार कडंला व्हतं. लई भ्या वाटायचं. मग लोहाराफुडं बसून करून आनली. भाईरनं तीनदा वाजली की समजायचं, ह्येच आल्यात. मगच आतनं दार उघडायचं."

तानूबाईने त्या कडीवरून एकदा हात फिरवला. मग सयाजीला म्हणाली,

"भाऊ, बाजारात बैल इकल्यावर दावं कुनाचं?"

"इकनाऱ्याचं. दावं कोन इकतंय? घेनारा आपलं घेऊन येतो." सयाजी सवयीने बोलून गेला आणि मग थबकला.

"मग आक्काचं दावं तिला काडून द्या," तानूबाईने कडीकडे बोट केलं.

"अवो, पन कागदात दारंखिडक्यांसकट लिवलंय..."

"लिवलं आसंल. घेनारी मीच हाय न्हवं?"

सयाजीने जीपमधून पकड आणली. खिळा जुना होता, कुरकुरत निघाला. तानूबाईने तिकडे पाहिलं नाही. बयाबाईने साखळी पदरात बांधली आणि आपली आपण उठून उभी राहिली.

"चला की," ती सुदर्शनवर खेकसली. "किती उशीर लावताय!"

कचेरीत कारकुनाने नीट सांगायच्या आतच तिने अंगठा उठवला. रडू येतंय की हसू, तानूबाईला कळेना. भोसरीकडे निघालेल्या जीपमधून बयाबाईने तिचा हात घट्ट दाबला.

दिवस कलताना तानूबाई आणि राघू आपल्या घरात आले. राघू भुईवर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. तिला पाणी आणायला जायचं होतं, पण दार ठरेना. वारा ते सारखं ढकलत होता आणि कडीच्या जागी नुसतं भोक उरलं होतं.

तिने गाठोडं सोडलं. मेंढरं विकली त्या दिवशी म्होरक्या मेंढीच्या गळ्यातलं लोकरीचं दावं तिने घंटीसकट काढून ठेवलं होतं. बाहेरून दार ओढून तिने ते भोकातून घेतलं आणि चौकटीच्या कोयंड्याला गाठ मारली. आत नवरा झोपला होता, तरी बांधलंच. आयुष्यातलं पहिलं दार, इतकी हौस तर करायचीच.

वारा आला आणि घंटी वाजली.

"अगं, मेंढरं उठली बघ!" आतून राघू झोपेतच ओरडला.

"निजा गुमान. दार हाय आपलं."

हंडा कमरेवर घेऊन तानूबाई आडाकडे निघाली. मागे घंटी वाजत होती. तिने वळून पाहिलं नाही.