उस्तादचा जोड

"पुनाभाऊ, झालं का?" डॉक्टर अभिमन यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारात गोणपाट टाकून पुना मिस्त्री मोटारीच्या पोटाखाली उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे तेलकट पाय. वरची मोटार विलायती, लालभडक, लांब नाकाची आणि दोनच माणसांची. शर्यतीची गाडी म्हणूनच ती बांधलेली. फॅक्टरीच्या धाकट्या शेठने ती दोन वर्षं उडवली आणि छत्तीस सालच्या चैत्रात नशिराबादच्या अलीकडे एका मोरीच्या कठड्यावर घातली. शेठ वाचला. शेजारी बसलेला त्याचा मेहुणा जागच्या जागी गेला. मोटार दुरुस्त होऊन, नवा रंग लावून परत आली, पण शेठच्या बायकोने तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. म्हाताऱ्या शेठने सांगून टाकलं, मिळेल त्या भावात काढा, पण माझ्या दारातून काढा.

म्हणून तर ती डॉक्टरांच्या आवाक्यात आली होती. यावलला दवाखाना काढून त्यांना तीन वर्षं झाली होती. रोगी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेले आणि जायला बैलांची दमणी. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीकडे ते पोहोचले तेव्हा अंगणात तिरडीसाठी बांबू कापणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुनाला निरोप धाडला. पुनाची मुलगी सुमन यावलजवळच्याच एका गावी दिलेली, तिच्या सासरचं दुखणंखुपणं डॉक्टरच बघत, तेवढीच ओळख. पण जळगावात मोटार कळणारा माणूस म्हणून लोक पुनाचंच नाव घेत.

इंजिन खणखणीत होतं. ब्रेक ठीक. पुनाने चासीवरून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरून, बोट फिरवायला घेतलं. डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रिंगच्या कमानीमागे, रंगाखाली काहीतरी वेगळं लागलं. त्याने पटाशीच्या टोकाने रंग खरवडला. सांगाडा तिथे तुटला होता. आतून जाड पट्टी मारून, वर रिव्हेट ठोकून कोणीतरी तो जोडला होता. रिव्हेटांची डोकी कानशीने घासून अशी सपाट केली होती, की बोटाला नीट कळूही नयेत. कानशीचे ओरखडे सगळे उजवीकडून डावीकडे तिरपे होते.

पुनाचं बोट तिथेच थांबलं. डावखुऱ्या हाताची ती कानस होती. धुळ्याच्या खाजा उस्तादखेरीज असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. बारा वर्षं पुना त्या हाताखाली राबला होता.

तो बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला रविवारपर्यंत वेळ द्या."

शुक्रवारी तो सर्व्हिस मोटारीने धुळ्याला गेला. खाजा उस्ताद घराच्या ओट्यावर बसला होता. दाढी पांढरी झाली होती. पुना समोर येऊन उभा राहिला तरी त्याला ओळख पटली नाही. पुना खोकला तेव्हा पटली.

"पुना शे का? ये रे. आते याद उनी का उस्तादनी?"

ताजबीने, त्याच्या बायकोने, चहा आणून ठेवला. पुनाने उगाच हवापाण्याच्या गोष्टी केल्या नाहीत.

"उस्ताद, त्या लाल गाडीचा जोड तुमना शे ना?"

"मनाच शे. शेठले आठ दिसमा गाडी पाहिजे व्हती. मी सांगं, मुंबईहून नवी चासी मागाड. तो म्हणे, तूच जोडी टाक."

"तुमले दिसत होतं का?"

ताजबी दारातच थांबली. उस्तादने बशीतला चहा संपवला, मग बोलला. "डोयाले कमी दिसस. हातले बठ्ठं दिसस."

"टिकी का जोड?"

"आजवर मना जोड कोठे सुटना, सांग."

पुनाला सांगता आलं नाही. खरंच कुठे सुटला नव्हता. पण ते जोड डोळे शाबूत असतानाचे होते. उस्तादने हात पुढे करून चाचपत त्याचा गुडघा धरला.

"गाडी इकाई गई का शेठ माले जिनिंगना इंजिनवर बसाडणार शे. बसीसन काम. इंजिनना आवाज ऐकाना, बस. आते गाडीखाले माले जावास नही, पुना." थोडं थांबून त्याने विचारलं, "तू काय सांगशी डॉक्टरले?"

"अजून ठरवलं नाही," पुना म्हणाला. ते खोटं नव्हतं.

परतीच्या मोटारीत पारोळ्यापर्यंत तो एकच गोष्ट उलटून पालटून बघत होता. जोड चांगला असेल तर तो वर्षानुवर्षं टिकेल. एखादा रिव्हेट चुकला असेल तर खडीच्या रस्त्यावर रोज हादरे खात तो एक दिवस सुटेल, आणि त्या वेळी गाडी वेगात असेल, कारण डॉक्टर कोणाच्या तरी जिवासाठीच पळत असतील. आत काय आहे ते फक्त उस्तादच्या हातांना ठाऊक, आणि उस्ताद गरजेत होता. डोळे असताना तो असं काम तपासल्याशिवाय कधी सोडत नसे. या वेळी तपासलं होतं कोणी?

रविवारी सगळे आवारात जमले. धाकट्या शेठने खाजा उस्तादलाही बोलावून घेतलं होतं. उस्ताद धुतलेला सदरा घालून, ताजबीच्या खांद्यावर हात ठेवून आला होता.

"उस्ताद, काम कसं आहे ते सांगा डॉक्टरांना," शेठ म्हणाला.

"पक्कं काम शे साहेब. मनी जबान."

डॉक्टरांनी मान हलवली, पण बघत राहिले पुनाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर माणसाला 'हो' ऐकायचं असतं तेव्हा जे दिसतं ते स्वच्छ दिसत होतं.

"नका घेऊ," पुना म्हणाला.

शेठ हसला. "का हो मिस्त्री?"

"चासी तुटलेली आहे, जोडून घेतलीय. जोड वरून चांगला दिसतो. आतून कसा आहे ते मला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर मी डॉक्टरांना बसवणार नाही."

"कोणी जोडलीय ठाऊक आहे का तुम्हाला?"

ते नाव पुनाच्या तोंडून येणार नव्हतं. शेवटी उस्तादच बोलला. "मी जोडेल शे. तो मना शागीर्द शे. त्याले बठ्ठं माहीत शे." मग ताजबीला म्हणाला, "चाल."

पुना दोन पावलं त्यांच्या मागे गेला. "उस्ताद," एवढंच म्हणाला. उस्ताद थांबला नाही. शेठने त्याला इंजिनावर बसवलं नाही, हे पुढे पंधरा दिवसांनी कळलं.

लाल मोटार भुसावळच्या एका ठेकेदाराने घेतली. पुनाला ती अधूनमधून जळगावच्या रस्त्यावर दिसे. धूळ उडवत जाई, वळणावर ओरडे, आणि काही होत नसे. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. डॉक्टर दमणीतूनच फिरत राहिले. त्यांना परवडेल अशी दुसरी मोटार निघाली नाही.

सुमनचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दुसरं सासरी. पौषातल्या एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी सुटका होईना. सुईणीने हात टेकले. यावलला माणूस पळाला तर डॉक्टर फैजपूरला एका न्युमोनियाच्या रोग्याकडे गेलेले. तिथे निरोप पोहोचला, बैल जुंपले, दमणी निघाली. डॉक्टर आले तेव्हा दिवस कलला होता. त्यांनी मूल वाचवलं. सुमन गेली.

पुना आणि त्याची बायको ताईबाई तिसऱ्या दिवशी सुमनच्या सासरी बसले होते. डॉक्टर आले, टोपी काढून शेजारी बसले.

"तासभर आधी आलो असतो तर हाती लागली असती," डॉक्टर म्हणाले. त्यांना खोटा दिलासा देता येत नसे.

"मोटार असती तर?" पुनाने विचारलं.

ताईबाईने मांडीवरचं बाळ या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं आणि नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर पुनाला सोपं गेलं असतं.

दिवसकार्य झाल्यावर जळगावच्या घरी खाजा उस्ताद आला. धुळ्याहून ताजबीने त्याला आणलं होतं. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळे. तो पुनाजवळ बसला, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. पोरगी लहानपणी कारखान्यात येऊन त्याच्या मांडीवर झोपायची, ते बोलला. मग हात थांबला.

"ती गाडी आजून चालस म्हणतस."

"चालते."

"जोड टिकना रे पुना."

त्यात टोमणा नव्हता. आयुष्यभर लोखंड जोडलेला माणूस होता तो. शेवटचा जोड टिकला, एवढंच त्याला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ते समजेल असा माणूस एकच होता.

"हो उस्ताद," पुना म्हणाला. "टिकना."

उस्ताद ताजबीबरोबर निघाला तेव्हा पुना त्याला मोटारस्टँडपर्यंत पोचवायला गेला आणि सीटवर बसवून, पाय नीट आत घेऊन, मगच परतला. नंतर तीन दिवस त्याने कारखाना उघडला नाही.

फाल्गुनात डॉक्टरांची चिठ्ठी आली. भुसावळला एका रेल्वेच्या साहेबाची बदली झाली होती, त्याची जुनी चार सीटांची मोटार विकायची होती. बघायला या.

पुनाने उलट निरोप दिला, दुसरा मिस्त्री न्या. डॉक्टर स्वतः दारात आले.

"मला दुसरा नको," ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडून पुन्हा 'नका घेऊ' निघालं तर..." पुना म्हणाला.

"तुमचं तोंड माहीत आहे म्हणूनच आलो."

भुसावळला बंगल्यामागे पुना गाडीखाली गेला. ऊन होतं, तरी खाली अंधार होता. त्याने कंदील मागितला. नोकर शोधायला गेला तो लवकर येईना, तेव्हा डॉक्टरांनीच कुठून तरी कंदील पैदा केला आणि पांढऱ्या पाटलोणीसकट मातीत गुडघे टेकून तो गाडीखाली धरला. पुनाने चासी बोटाबोटाने तपासली. ती अखंड होती. मग तो पुढच्या आसाकडे सरकला. आसावर तेलाचा जाड थर होता. चिंधीने तो पुसल्यावर केसासारखी एक रेघ दिसली. त्याने रॉकेलचा बोळा फिरवला, पुसून वर खडूची पूड चोळली आणि वाट पाहिली. पांढऱ्या पुडीतून रेघ ओली होऊन वर आली. आसाला तडा होता.

तो तिथेच पडून राहिला. गाडी चांगली होती. इंजिन चांगलं होतं. आस बदलायचा तर तो विलायतेहून यायचा आणि युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला, पण घाई केली नाही.

पुना बाहेर आला. डॉक्टर तसेच गुडघ्यावर होते.

"नका घेऊ," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कंदील विझवून बाजूला ठेवला. पाटलोणीवरची माती झटकली. साहेबाला नमस्कार सांगायला नोकराजवळ निरोप दिला.

"चला," ते म्हणाले.

यावलच्या वाटेवर एका गावी त्यांना एक रोगी बघायचा होता. दमणीत दोघं शेजारी बसले. डॉक्टरांनी हात मोकळे करायला औषधांची पेटी पुढे केली. पुनाने ती मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. खडीच्या रस्त्यावर दमणीला हादरे बसत होते, आणि आत बाटल्या होत्या.