विसारपावतीत नसलेली कांदाचाळ

मित्रांनो, कांदा साठवायची जुनी चाळ तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? नसेल, तर आज मला पाहा. नाशिकहून दिंडोरीकडे जाताना, एका ओढ्याच्या काठावर मी उभी आहे. एका अंगाला कौलारू घर, दुसऱ्या अंगाला गोठा आणि मागे साग, जांभूळ, आंबा यांचे दाट रान. मी कोणाची, एवढे मात्र आज मला सांगता येणार नाही. ते का, तेच सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी गोटीराम आणि मालनबाई या नवराबायकोने मला उभे केले. लोखंडी अँगलचे पाय, जमिनीपासून दोन हात वर बांबूचा तळ, बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या आणि वर बावीस पत्रे. त्या फटी म्हणजेच माझे काम. वारा एकीकडून येतो, कांद्यांमधून फिरतो आणि दुसरीकडून निघून जातो. वैशाखात मला भरायचे आणि दिवाळीपर्यंत मी कांदा सांभाळायचा. एका वर्षी गावभरचा कांदा सडला आणि माझ्यातला टणटणीत निघाला. तेव्हा मालनबाईंनी माझ्या खांबाला हळदकुंकू लावले होते. त्या दिवशी मला उगाच आपण देऊळ असल्यासारखे वाटले.

मग त्यांच्या मुलाने, ओमने, पिंपळगावला माल निवडून खोक्यांत भरायचे पॅकहाऊस काढले आणि आईवडिलांना तिकडे राहायला बोलावले. ओढ्यापलीकडचे वावर ठेवायचे, घर आणि रान विकायचे असे ठरले. बघायला माणसे येऊ लागली. कोणी पावलांनी अंगण मोजले. कोणी विचारले, “इथे पोहायचा तलाव बसेल का?” कांदा कुठे ठेवणार, हे कोणीच विचारले नाही. मी गोंधळून गेले. शेतातले घर घ्यायचे आणि त्यात काहीच साठवायचे नाही?

श्रावणात ढुंढिराज गुरुजी आले. नाशिकच्या इंदिरानगरचे राहणारे. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी घर उभ्याउभ्या पाहिले, विहिरीत डोकावले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. मालनबाई सडका कांदा निवडत होत्या. गुरुजींनी एक क्रेट उपडे केले, त्यावर बसले आणि तेही निवडू लागले.

“गुरुजी, चातुर्मासात कांद्याला हात?”

“हातच लावतोय मालनबाई, तोंड नाही लावत.”

“मग नीट तरी निवडा. चांगला बी सडक्यात टाकून राह्यले तुम्ही!”

त्यानंतर ते पुन्हापुन्हा येत राहिले. घर घ्यायचे म्हणून आलेला माणूस घरात पाऊलही टाकत नसे. दोन-दोन तास माझ्यात बसे, बोलणी खाई आणि हसत परत जाई. माझ्यात असे काय होते? कांद्याचा वास तर डोळ्यांत पाणी आणतो.

भाद्रपदात त्यांनी विसार दिला. पावती माझ्यातच बसून लिहिली. घर, गोठा, विहीर, झाडझाडोरा. उठताना माझ्या खांबावर हात ठेवून गुरुजी म्हणाले, “हिला मात्र हलवू नका.” गोटीराम हसून “बरं” म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली. आमच्याकडे जमीन विकताना चाळ कोणी विकत नाही. ती नटबोल्टची असते. खाट, बैलगाडी, तशीच चाळ उचलून न्यायची. शहरातल्या माणसाला मात्र वाटते, जे उभे आहे ते सगळे आपल्याला मिळाले.

त्यानंतर गुरुजी आले नाहीत. नवरात्र गेले, दिवाळी गेली, माझ्यातला शेवटचा कांदा बाजारात गेला. एका सकाळी गोटीराम पाना घेऊन शिडीवर चढले. माझे पत्रे ओमच्या पॅकहाऊसला जाणार होते आणि अँगल भंगारात. दोन पत्रे खाली आले, आणि फाटकाशी गाडी थांबली.

चाळिशीची एक बाई उतरली. “मी तेजश्री. ढुंढिराज गुरुजींची मुलगी,” ती म्हणाली. “बाबा घटस्थापनेच्या दिवशी वारले. व्यवहार मी पूर्ण करणार आहे.”

मालनबाई जवळच्या क्रेटवर बसल्या. गोटीराम शिडीवरून उतरले. मग तेजश्रीचे लक्ष माझ्याकडे गेले.

“हे काय करताय काका? चाळ आमच्या व्यवहारात येते ना?”

“नाय ताई. चाळ कोणी इकत नसतं. पावती वाचा.”

तिने वाचली. पुन्हा वाचली. मी तिथे नव्हते.

“पण बाबा घरी फक्त हिच्याबद्दलच बोलायचे,” ती म्हणाली. “मला कळायचंच नाही. आमच्या घरात चार महिने कांदा येत नाही. ते इथे करायचे काय, मावशी?”

“बसायचे. निवडायचे. लय वाईट निवडायचे.” मालनबाईंनी पदराने डोळे पुसले. “एकदा म्हणले, घाटावर समदे माझ्या पाया पडतात. इथं तुम्ही रागावता, ते बरं वाटतं.”

तेजश्री वाकून माझ्यात शिरली आणि रिकाम्या बांबूंवर बसली. ती रडली नाही. बांबूंत अडकलेली कांद्याची सालपटे गोळा करू लागली. मित्रांनो, मी फार घाबरले. कांदा कसा सांभाळायचा ते मला येते. माणूस कसा सांभाळतात ते मला कोणी शिकवले नव्हते. मी आपला वारा येऊ दिला.

मग ती म्हणाली, “पत्रे परत चढवा. मी हिला विकत घेते.”

“घेऊन भरणार काय?” गोटीरामांनी विचारले. “रिकामी चाळ टिकत नाय ताई. बांबूला भुंगा लागतो, वाऱ्यानं पत्रा उचलतो. दोन पावसाळ्यांत बसंल खाली.”

तेजश्री माझ्या बांबूंवरून हात फिरवू लागली.

“अहो, मग पलीकडच्या वावरातला कांदा काय माझ्या डोक्यावर ठेवणारे?” मालनबाई उठल्या. “हितंच भरू.”

“आन् ओमला पत्रे कबूल केले ते?”

“त्याला सांगा, आई नाय म्हटली. चढा वर.”

गोटीराम मुकाट्याने शिडी चढले.

खरेदीच्या दिवशी कचेरीत काय झाले, ते मालनबाईंनी मला कांदा निवडता निवडता सांगितले. लिहिणाऱ्याने विचारले, चाळ कोणाची? तेजश्री म्हणाली, काकांची. गोटीराम म्हणाले, ताईंची. तो वैतागला आणि त्याने मला लिहिलेच नाही. आता मी कोणाची? गुरुजींना माझ्यात नेमके काय सापडले होते? मला अजून नीटसे समजलेले नाही. वैशाखात मी भरले, एवढे खरे.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. एखादी जुनी, बिनकामाची वाटणारी वस्तू मोडायला घ्याल, तेव्हा आसपासच्या माणसांना आधी विचारा, इथे कोण बसायचे? उत्तर कळले नाही तरी चालेल. पण विचारायला उशीर करू नका. माझे दोनच पत्रे उतरले होते, तेव्हा तेजश्री विचारायला आली. बाविसावा उतरला असता, तर ‘इथे बसायचे’ म्हणून मालनबाईंना बोट दाखवायलाही काही उरले नसते.